अस्वल विहिरीत असताना

मूल शाळेत घालायचं तर एक ऑटोवाला पुरतो. मूल घरी शिकवायचं तर समिती लागते. आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत अशी समिती आहे आणि मी तिचा मानद चिटणीस आहे. (मला मूल नाही. त्यामुळे माझी तटस्थता वादातीत आहे.)

तिसऱ्या मजल्यावरच्या हर्षित आणि अश्लेषा या उच्चशिक्षित दांपत्याने आपल्या आठ वर्षांच्या गोपिकेला शाळेतून काढलं. शाळेत भाषा नुसतीच शिकवत होते. यांना ती साहित्यातून उमलायला हवी होती. मूल गोष्टी ऐकत, वाचत भाषा शिकतं, असं ते थोर तत्त्व. तत्त्व एकमताने मान्य झालं आणि त्यातून ओघानेच पहिला ठराव आला: योग्य अभ्यासक्रमाची निवड होईपर्यंत गोपिकेच्या कानावर एकही गोष्ट पडू नये. चुकीची गोष्ट आधी पडली, तर भाषा चुकीच्या बाजूने उमलते.

ठरावाला जरा उशीरच झाला. हर्षितचे वडील नानाजी त्याच दुपारी नरखेडकडच्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते आणि कोणतंही प्रशिक्षण नसताना त्यांनी नातीला गोष्ट सुरू केली होती. मोसंबी चोरायला आलेलं अस्वल बगिच्यातल्या विहिरीत पडतं, इथपर्यंत गोष्ट आली, तेवढ्यात हर्षित ठराव घेऊन आत शिरला.

"बाबा, थांबा. अजून काही ठरलं नाही."

"काहून गा? अस्वल पाण्यात हाय अजून," नानाजी म्हणाले.

"राहू द्या."

ते राहिलं. समितीच्या पुढच्या सगळ्या बैठका अस्वल विहिरीत असतानाच झाल्या. गोपिका दारात येऊन उभी राहायची आणि "मग?" एवढंच विचारायची. तिच्यासाठी रंगीत खुर्ची आणली, वाचनकोपरा केला, त्या कोपऱ्याला खास पिवळा दिवा बसवला. (कोपऱ्यात पुस्तक ठेवावं की कसं, हा विषय प्रलंबित आहे.) तरी तिचं आपलं "मग?" चालूच. हट्टी मूल.

विचारार्थ आलेल्या अभ्यासक्रमांपैकी पहिला परदेशी होता. त्यात चौथ्या पानावर बर्फ पडतो आणि मुलाने बाहेर जाऊन तो तळहातावर झेलायचा असतो. मे महिना होता. कूलरसमोर बसूनही समिती घामाने निथळत होती. शेवटी फ्रिजमधला बर्फ खरवडून गॅलरीतून खाली सोडण्यात आला. तो तळमजल्यावरच्या कामिनीताईंनी वाळत घातलेल्या कुरड्यांवर पडला, आणि त्यानंतर त्यांनी जी भाषा वापरली ती अभ्यासक्रमाच्या कोणत्याच स्तरात बसेना.

दुसरा अभ्यासक्रम बंगळुरूचा. त्यात शब्दच नव्हते, कारण शब्दांनी मुलाच्या कल्पनाशक्तीवर बंधन येतं. (पालकांचं मार्गदर्शकपुस्तक मात्र दोन हातांनी उचलावं लागतं.) तिसरा आमच्या पाहणीनुसार ऐंशी टक्के पालकांना समजला नाही. दर्जा सिद्ध झाल्यामुळे तोच निवडला.

त्याचा पहिला पाठ होता 'घरातील ज्येष्ठाकडून कथाश्रवण'. म्हणजे पुन्हा नानाजीच. ते त्या दिवशी गावी परत निघाले होते. एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्याने तसंही फारसं दिसत नव्हतं. त्यांना खुर्चीवर बसवलं, समोर गोपिकेला. तिचा चेहरा असा फुलला होता की मी क्षणभर अभ्यासक्रमाचा भक्तच झालो.

नानाजींकडे गोष्ट सांगायची एक रीत आहे. ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं. हूं आलं की गोष्ट पुढे सरकते. हूं थांबलं की ऐकणारं झोपलं असं समजून गोष्ट तिथेच ठेवायची.

"तं ते अस्वल पडलं विहिरीत," नानाजींनी सुरुवात केली.

"हूं!" गोपिका जवळजवळ ओरडलीच.

अश्लेषाने लगेच मार्गदर्शकपुस्तक उघडलं. श्रवणकाळात आवाज म्हणजे व्यत्यय, प्रकार दोन. तिने मुलीच्या कानाशी वाकून सांगितलं, "पाठ संपल्याची घंटी वाजेपर्यंत तोंडातून आवाज नको. नाहीतर गोष्ट बंद."

गोष्ट बंद पडू नये म्हणून गोपिकेने ओठ घट्ट मिटले.

"मंग त्याले दिसला पंपाचा पाइप," नानाजी म्हणाले आणि थांबले. हूं आलं नाही. "त्यानं तो धरला..." पुन्हा थांबले. मान तिरकी करून ऐकलं.

"झोपली वाटते पोरगी," ते हळूच म्हणाले. "झोपू द्या. उनानं दमली असन."

बोलायची मुभा आम्हालाही नव्हती. नात जागी होऊ नये म्हणून नानाजी चपला हातात घेऊन निघाले. हर्षितने त्यांना हात धरून खाली ऑटोपर्यंत पोचवलं, तेही मुकाट्याने, कारण घंटी अजून वाजायची होती. गोपिका टक्क उघड्या डोळ्यांनी दाराकडे बघत होती. गालांवरून पाणी वाहत होतं, पण रडण्याचाही आवाज तिने होऊ दिला नाही. मला फार वाईट वाटलं. पण चिटणिसाला मत नसतं.

'श्रवणशिस्त' या सदरात तिला पैकीच्या पैकी गुण पडले.

अभ्यासक्रम यशस्वी आहे. गोपिका आता "मग?" विचारत नाही, अनाठायी प्रश्नांचं प्रमाण शंभर टक्क्यांनी घटलं आहे. (नानाजी फोन करतात, पण फोनवरची गोष्ट स्क्रीनपुढच्या वेळेत धरली जाते.) दूरदूरचे पालक मला अभ्यासक्रमाचं नाव विचारतात. अस्वलाची चौकशी अद्याप कोणी केलेली नाही.

तुम्हालाही मी मघापासून सगळं सविस्तर सांगतो आहे आणि तुम्ही एकदाही हूं म्हणाला नाहीत. डोळा लागला असेल. झोपा.