शिवणाच्या खोलीतलं संरक्षित शेवाळ

पाणीपुरवठा कार्यालयाच्या टाकीला एक भेग होती. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही न चुकता कामावर असणारी त्या आवारात ती एकटीच. तिचं पाणी टाकीला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीवर उतरत असे. ही खोली शिवणमावशींची. त्यात त्या, त्यांचं मशीन, आणि आता कंबरेएवढं वर चढलेलं हिरवंगार शेवाळ.

मावशी दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट शिवत. मागच्या खेपेला एक कोट परत आला होता, कारण त्याचा खांदा हिरवा झाला होता. दवाखान्याच्या भांडारप्रमुखांनी सौम्य शब्दांत कळवलं होतं, की रुग्ण घाबरतात. पुढच्या खेपेचे चाळीस कोट डागाविना आले नाहीत, तर काम दुसरीकडे जाईल.

म्हणून मावशींनी भेग बुजवण्यासाठी आठवा अर्ज दिला. मजकूर गल्लीतल्या निवृत्त मास्तरांचा होता आणि खाली शेजाऱ्यांच्या एकवीस सह्या होत्या. पहिल्या सात अर्जांवर कार्यालयाने विचार केला होता. आठव्यावर कारवाई केली, म्हणजे माळ्याच्या हाती खरवडणी देऊन त्याला पाठवलं.

माळी हा कार्यालयातला कामाची सवय न सुटलेला माणूस. त्याने शेवाळ खरवडलं, पण फेकलं नाही. बादलीत पाणी घालून पंधरा दिवस कुजवलं, गाळलं, दहापट पाण्यात मिसळलं आणि कुंपणाजवळच्या वांग्यांच्या मुळाशी घातलं. महिन्याभरात झाडं वांग्यांच्या वजनाने वाकली. चार वांगी साहेबांच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"काय घातलंस रे?"

"शेवाळ, साहेब. मावशींच्या भिंतीवरचं."

"असं म्हणायचं नसतं. शेवाळाधारित जैविक पोषकद्रव्य."

"बरं. पण ते भिंतीवरचंच आहे."

आठवडाभरात योजना मंजूर झाली. कुंपणाजवळची माती कोणत्याच नकाशात नव्हती, त्यामुळे तिथे काही उगवल्याची नोंद करता येईना. म्हणून बैठकीच्या खोलीत मातीविना शेती उभी राहिली. पांढरे पाईप, पाईपांना भोकं, भोकांत सॅलडची रोपं आणि मुळांखालून वाहतं पाणी. साहेबांच्या आदेशावरून त्या पाण्यात बादलीभर शेवाळ ओतण्यात आलं. चौथ्या दिवशी पाईप तुंबले. सहाव्या दिवशी मुळं तपकिरी होऊन वास मारू लागली.

"साहेब, मातीचं वेगळं असतं," माळी म्हणाला. "ती सांभाळून घेते. इथे बारीक गाळून, मोजून द्यायला हवं. आणि पाईप काळ्या कापडाने झाका. ऊन मिळालं की शेवाळ आतच संसार थाटतं."

"झाकले तर पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवायचं? काळं कापड?"

पाहुणे आले त्या सकाळी माळ्याने, वरून हुकूम आल्यामुळे, कुंपणाजवळची वांगी देठासकट तोडून पाईपांच्या भोकांत बसवली. वरिष्ठ साहेबांनी एक उचलून पाहिलं. ते मुळाविनाच हातात आलं.

"याला मुळं नाहीत?"

"हाच आपला पुढचा टप्पा, सर," साहेब म्हणाले.

अहवालात लिहिलं गेलं, की मातीविना शेती यशस्वी झाली असून मातीची गरज संपली आहे. माळ्याला मात्र कुंपणाजवळची जागा गुपचूप दुप्पट करायला सांगण्यात आलं. आता अडचण एकच उरली, शेवाळाच्या पुरवठ्याची. भेगेची दुरुस्ती तत्काळ स्थगित झाली. तिच्या शेजारी दुसऱ्या भेगेचं अंदाजपत्रक तयार झालं, आणि कार्यालयाच्या इतिहासात प्रथमच एखादं काम मुदतीआधी पूर्ण झालं.

मावशींना नोटीस आली. सदर भिंत खरवडू नये, रंगवू नये, वाळवू नये. दमटपणा टिकावा म्हणून खिडकी बंद ठेवावी. सोबत 'शेवाळपालक' असं प्रमाणपत्र होतं. माळी ते द्यायला आला तेव्हा त्याला वर बघवेना.

"मावशी, माझंच चुकलं. फेकून दिलं असतं तर..."

"तू कशाला रडतोस? इतक्या वर्षांत या भिंतीत काही चांगलं पाहणारा तू पहिलाच. ते प्रमाणपत्र कुठे लावू? खिळा मारायला परवानगी आहे का विचारून ये."

मग त्या नववा अर्ज घेऊन गल्लीत निघाल्या. प्रत्येक दारात कार्यालयाकडून आलेली वांग्यांची पिशवी होती. 'लाभार्थी परिसर' म्हणून दर सोमवारी ती येत असे.

"ओल काय, सगळीकडेच असते हो," पहिल्या घरातली सूनबाई म्हणाली.

"मागच्या अर्जाची भाषा जरा कडकच झाली होती," मास्तर म्हणाले. ती त्यांचीच होती.

"मास्तर, वांगी कशी आहेत?"

"चवीला उत्तम. तुम्ही नाही घेत?"

"माझ्याकडे कच्चा माल आहे."

नवव्या अर्जावर एकच सही पडली. साहेबांनी शेरा मारला, 'अर्जदार एकट्या आहेत. जनभावना अनुकूल.'

चाळीस कोटांपैकी सदतीस परत आले आणि दवाखान्याचं काम गेलं. पण कार्यालय निर्दयी नाही. भाजीवाटपासाठी कापडी पिशव्या शिवण्याचं काम त्याने मावशींनाच दिलं. डाग दिसू नयेत म्हणून कापड हिरवं निवडलं.

सध्या कार्यालयाच्या दाराशी एक टेबल मांडलं आहे. टेबलाच्या एका बाजूला मावशींचा दहावा अर्ज आहे. त्याखाली सह्यांसाठी एकवीस रेघा आखल्या आहेत आणि शेजारी दोरीला बांधलेलं पेन आहे. दुसऱ्या बाजूला भरलेल्या हिरव्या पिशव्या आहेत. दोन्ही गोष्टी सर्वांसाठी खुल्या आहेत आणि कोणी विचारपूस करत नाही. पिशव्या रोज दुपारच्या आत संपतात. वाचकहो, आपल्यासाठी एक बाजूला काढून ठेवली आहे. पेनात शाई पूर्ण भरलेली आहे.