तांडेलकाका आणि दारावरचं वजन

लिफ्टचं दार उघडलं की माणसं आत शिरतात. तांडेलकाका शिरत नाहीत. ते बाहेर उभे राहून आतल्या माणसांची बेरीज करतात. सिंगापूरमधल्या आमच्या पुंगोलच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये वजनाची पाटी आहे, ती त्यांना पाठ आहे. आत भरपूर माणसं, एक बाबागाडी आणि तांदळाच्या पिशव्या असल्या की काका हात वर करतात, "यू गो. आय कम नेक्स्ट."

"अंकल, कम इन लाह! सो मच स्पेस!" शेजारच्या लिम आंटी आतून ओरडतात.

"स्पेस ओके, आंटी. वेट नॉट ओके."

आणि दार बंद होतं. हा माणूस आपल्या तब्येतीवर बोलतो असं वाटून लिम आंटी सुरुवातीला त्यांच्याशी बोलत नसत. पुढे त्यांना कळलं की काका लिफ्टवर बोलतात, तेव्हापासून त्या त्यांना दिवाळीला संत्री देतात.

तांडेलकाका मूळचे देवगडकडचे. इथल्या बंदरात टगवर चीफ इंजिनियर आहेत. टग म्हणजे डोंगराएवढ्या जहाजांना दोरखंड लावून धक्क्याला आणणारी छोटी, दांडगी बोट. दिवसभर ओढाओढ करून आलेला माणूस घरी आल्यावर निदान क्रिकेट बघेल, अशी आपली समजूत. काका फोनवर हेवी-ड्यूटी पिकअप ट्रकचे व्हिडिओ बघतात. मागे घराएवढा ट्रेलर जोडून घाट चढणाऱ्या, धुरकट आवाजाच्या, अमेरिका-कॅनडातल्या पिकअप. सिंगापूरमध्ये तशी गाडी उभी करायची म्हटली तर आमच्या कारपार्कमधल्या दोन चौकटी लागतील. काकांकडे तर साधी सायकलही नाही. ते एलआरटीच्या छोट्या रेल्वेने फिरतात.

माझी त्यांची ओळख झाली तीही वजनावरूनच. मी नवीन फ्लॅटमध्ये सामान आणत होतो. खाली आलो तर एक भारदस्त गृहस्थ लॉरीच्या दारापाशी उकिडवे बसून काहीतरी वाचत होते. इथे प्रत्येक लॉरीच्या दारावर तिचं रिकामं वजन आणि भरल्यावरचं कमाल वजन रंगवलेलं असतं. मी आयुष्यात कधी त्याकडे पाहिलं नव्हतं.

"मराठी का? कुठले?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"परभणीकडचा."

"बरं. परभणी, ही गाडी भरण्याआधी दारावर काय लिहिलंय ते वाचलंस?"

त्या दिवसापासून मी 'परभणी' झालो. माझं नाव त्यांना ठाऊक असावं, पण त्याचा उपयोग त्यांनी अजून केलेला नाही.

"दारावर काय लिहिलंय?" हे त्यांचं पालुपद. वन-नॉर्थमधल्या माझ्या कंपनीत मला बढती मिळाली, पेढे घेऊन गेलो, तर आशीर्वाद देता देता म्हणाले, "हाताखाली माणसं किती आली? आणि तुझ्या दारावर काय लिहिलंय?" मी हसलो. नंतर घरी जाऊन त्यावर बराच वेळ विचार केला, हे त्यांना सांगितलं नाही.

पिकअपचं शास्त्र त्यांनी मला ज्या पद्धतीने शिकवलं, तसं इंजिनियरिंगला कुणी शिकवलं असतं तर मी बॅकलॉगशिवाय पास झालो असतो. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊच्या टपऱ्यांच्या मंडईत, ताट हातात घेऊन मी रांगेत उभा होतो. मागून काकांनी आपला जाड पंजा माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "चाल."

मी चाललो. ते हात तसाच ठेवून मागे.

"तू पिकअप, मी ट्रेलर. तू मला ओढतोयस. जाहिरातीत काय लिहितात? आठ टन ओढते! ओढेल रे. पण ट्रेलरचं नाक कुठे टेकलंय? तिच्या मागच्या हौद्यावर. नाकावर ट्रेलरच्या वजनाचा पाचवा हिस्सा येतो. तो पेलायचा तिच्या पाठीने. त्याच पाठीवर आत बसलेली माणसं, मागची शेगडी, जनरेटर, कुत्रा. पाठीला किती झेपतं ते जाहिरातीत नसतं. ते असतं..."

"दारावर."

"शाब्बास. ओढायची ताकद संपायच्या कितीतरी आधी पेलायची ताकद संपते. लोक इथेच फसतात." मग त्यांनी पंजावर जरा भार दिला. माझं सूप सांडलं. "बघ, फसलास."

एकदा बोलण्यात माझ्या वडिलांचा विषय निघाला. ते मोंढ्यात हमाल होते. घरात पदवी घेणारा मी पहिला, ती पदवी त्यांच्या पाठीवरून आली. काकांनी विचारलं, "पोतं किती किलोचं?"

"शंभर."

पालुपद काकांच्या ओठांवर आलं होतं, मला दिसलं. ते त्यांनी गिळलं आणि माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. त्या चहासाठी मी त्यांना शंभर व्याख्यानं माफ केली आहेत.

तर या पिकअपच्या वेडाला कारण आहे. काकांची एकुलती मुलगी मृणाल कॅनडात असते. तिने आणि जावयाने हेवी-ड्यूटी पिकअप घेतली आणि मागे लावायला मोठा ट्रेलर, ज्यात पलंग, मोरी, स्वयंपाकघर, सगळं. गाडी घेतल्याचं कळल्यावर इतर वडील रंग विचारतात. काकांनी दाराच्या चौकटीवरच्या वजनाच्या स्टिकरचा फोटो मागवला.

यंदा मृणालने आग्रह धरला. "बाबा, जुलैमध्ये दोघं या. सगळे मिळून ट्रेलर घेऊन डोंगरात जाऊ. नातवंडं वाट बघताहेत."

काकू त्याच आठवड्यात लोकरी मोजे बघायला मुस्तफाच्या मोठ्या दुकानात जाऊन आल्या. काका मात्र "बघू" म्हणाले. तिकिटांचं काही बोलेनात. आणि जेवण सोडलं.

अगदी सोडलं नाही, पण जे चाललं होतं त्याला काकांचं जेवण म्हणता येत नव्हतं. माशाच्या कालवणाबरोबर भात खाणारा माणूस काकडी खाऊ लागला. सकाळचा, नारळाच्या जॅमचा काया टोस्ट बंद. कोपीत, म्हणजे इथल्या कॉफीत, साखर बंद. लिफ्टची वाट बघत बसणारे काका चौदा मजले जिन्याने चढू लागले. लिम आंटी घाबरून मला म्हणाल्या, "युअर अंकल सिक, इज इट?"

काकूंनाही तीच धास्ती. एका संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या. डोळे भरलेले. "तुला काही बोललेत का रे? परवा सुरमई तळली, तिला हात लावला नाही. आजवर असं झालं नाही. डॉक्टरने काहीतरी सांगितलंय आणि हे लपवताहेत. म्हणूनच जायचंही नाव काढत नाहीत. मला विचारायची भीती वाटते. तू विचार."

दुसऱ्या दिवशी मी काकांबरोबर खाडीकाठाने चालायला गेलो. ते झपाझप चालत होते, शर्ट घामाने चिकटला होता.

"काका, तब्येत बरी आहे ना? काकू रडत होत्या."

ते थांबले. "मालती? रडत होती? कशाला?"

"तुम्ही जेवत नाही म्हणून. त्यांना वाटतंय तुम्हाला काहीतरी मोठं झालंय."

काका बाकावर बसले. चेहऱ्यावर पकडलं गेल्याची कळा. "काही झालेलं नाही रे. अठरा किलो जास्त आहेत, एवढंच."

"कशाला जास्त?"

"पिकअपला." मग त्यांनी माझ्याकडे न बघता हिशेब सांगितला. ट्रेलरच्या नाकाचं वजन, मृणाल, जावई, दोन मुलं, हौद्यातलं सामान. "पाठीला झेपतं त्यातून हे वजा केलं की उरतात एकशे चाळीस किलो. मालती साठ. मी सुरुवातीला अठ्ठ्याण्णव. जुलैपर्यंत ऐंशीवर आलो की तिकीट काढतो. नाही आलो तर मालती एकटी जाईल. अठरातले सात उतरलेत."

मला हसू आलं आणि ते मी आवरलं. "अहो काका, मग मृणालताईला सांगा ना, थोडं सामान कमी कर."

"कोणत्या तोंडाने? मुलांच्या सायकली काढ, आजोबा बसणार आहेत?"

"बरं, मग दुसरी गाडी भाड्याने घ्या. तुम्ही दोघं मागून या. सोपं आहे."

माझ्या अक्कलहुशारीवर मी खूश होतो. काका खाडीकडे बघत राहिले. पाण्यात एकही बोट नव्हती.

"ती चालायला लागली तेव्हा मी जहाजावर. शाळेत पहिली आली तेव्हा जहाजावर. तिचं लग्न ठरलं तेही मला सॅटेलाइट फोनवर कळलं. टगवर आलो, रोज घरी यायला लागलो, तोवर ती कॅनडाला गेली." ते गुडघ्यावरचा घाम पुसू लागले. "आयुष्यभर मी दुसऱ्याच बोटीवर होतो रे, परभणी. आता मागून दुसऱ्या गाडीत नाही यायचं मला. मागच्या सीटवर, दोन पोरांच्या मध्ये बसायचंय. आणि नियमात बसायचंय. माझ्यामुळे तिच्या पोरांच्या गाडीचा ब्रेक कमी पडला तर?"

आम्ही परत आलो. ते जिन्याने गेले, मी लिफ्टने, आणि ते पोचायच्या आत मी काकूंना सगळं सांगून टाकलं. काकू आधी हसल्या. मग पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून मृणालला फोन लावला.

रविवारी काकूंनी मला, माझ्या बायकोला आणि मुलीला जेवायला बोलावलं. पानं वाढली आणि फोन वाजला. पडद्यावर मृणाल, डोक्यावर टोपी, मागे ती अवाढव्य पिकअप.

"बाबा, ऐका. ट्रेलरमधली पाण्याची टाकी रिकामी न्यायची, तिथे पोचल्यावर भरायची. दोनशे लिटर. म्हणजे नाकावर चाळीस किलो कमी."

काकांचा हात पानावर थांबला. "पाचवा हिस्सा धरलास?"

"पाचवाच. जनरेटर घरी ठेवला, ते पन्नास सरळ हौद्यातले गेले. सायकलींना हात लावलेला नाही. सगळ्यांना बसवून गाडी ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेऊन आणली. तुमच्या दोघांच्या जागी सिमेंटच्या गोण्या ठेवल्या होत्या. अठ्ठ्याण्णव धरूनच मोजलंय, बाबा. बसतंय."

काकांनी फोन जवळ ओढला. "मागची सीट..."

"मधली जागा तुमची. आई पुढे, आमच्या दोघांच्या मध्ये. पोरांनी भांडून ठरवलंय, कोण कुठल्या बाजूला." ती जरा थांबली. "बाबा, आता तुम्ही जेवा."

फोन बंद झाला. माझ्या मुलीने "व्हाय अंकल सो क्वाएट?" म्हणून विचारलं, तिला बायकोने डोळ्यांनी दटावलं.

काकूंनी सुरमईचा तुकडा काकांच्या पानात ठेवला, भात वाढला, वर कालवण घातलं. काका मान खाली घालून जेवू लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी पान किंचित पुढे सरकवलं आणि म्हणाले, "मालती, थोडा भात."