आप्पांच्या पाच गाड्या

आप्पांच्या शेडमध्ये पाय टाकलात की तुम्ही हमखास त्यांच्या सुपरकारच्या बॉनेटवर उभे राहता. गाडी दिसत नाही, कारण ती अजून व्हायची आहे. फरशीवर खडूनं तिचा पूर्ण मापाचा आराखडा काढलाय. त्या रेघेच्या आत चप्पल गेली की आप्पा ओरडतात, "बॉनेट हाय ते! डेंट पडंल!" माझी पिठाची गिरणी शेजारीच. दळण पोचवायला जातो तेव्हा मीही भिंतीला चिकटून चालतो. शुद्ध वेडेपणा, पण चालतो.

तळेगाव ढमढेऱ्यात उसाच्या ट्रॉल्या बनवणारा हा माणूस म्हणायचा, "फकस्त पाच बनवणार. सहावी देवानं मागितली तरी न्हाई!"

शेड थोरल्या भावाची. त्यानं निर्वाणीचं सांगितलं होतं, दसऱ्यापर्यंत एक तरी गिऱ्हाईक आण, नाहीतर शेडमध्ये कांदा भरतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुण्याहून एक बिल्डर साहेब आले. भाऊ दारातच उभा.

साहेब थेट बॉनेटवर जाऊन उभे राहिले. आप्पांनी ओठ घट्ट मिटले, कपाळावरची शीर तेवढी उडत होती. साहेबांनी कोपऱ्यात ठेवलेलं इंजिन पाहिलं, ड्रॉइंग पाहिलं, खूश झाले. खडूच्या गाडीत दोन सीटा मात्र खऱ्या बसवल्या होत्या. तिथं ते थबकले.

"डावी एवढी उंच का?"

"ती तशीच ऱ्हाणार."

"सुपरकारला शोभत नाही. खाली घ्या, आत्ता बुकिंग करतो."

मी मागून मान डोलावून 'हो म्हणा' सांगत होतो. भावानं घसा खाकरला.

"पाची गाड्यात डावी सीट हीच," आप्पा म्हणाले. "न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

साहेब गेले. भाऊ पावलांनी शेडची लांबी मोजू लागला, बॉनेटवरून, सीटांमधून. आप्पा त्याला ओरडलेसुद्धा नाहीत.

मी भडकलो. "आप्पा, चार बोटं उंचीसाठी शेड घालवलीत!"

"घरात ती तेलाच्या डब्यावर बसती," ते हळूच म्हणाले. "तेवढ्यावरनंच उठता येतं तिला."

बायकोबद्दल बोलत होते, आमच्या काकूंबद्दल. गुडघ्यांपायी काकू गावाबाहेर पडल्याच नव्हत्या. जीपमध्ये चढवत नाही, कारमधून उठवत नाही.

"पण ही गाडी तर त्या साहेबांची झाली असती!"

"त्यांच्या घरात कुणाचं गुडघं न्हाईत व्हय?"

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. दम लागला म्हणून डाव्या सीटवर टेकल्या आणि कप द्यायला कशाचाही आधार न घेता उठल्या. आप्पांचे दोन्ही हात सवयीनं पुढे गेले होते, ते तसेच राहिले.

"उठलीस की गं!" आप्पा ओरडले. "बस, परत बस. आज गाडी आपलीच हाय."