अप्पांची वारसनोंद

अहो, दुसऱ्याच्या वाढदिवसाला काय विचारावं, याला काही ताळतंत्र? घरात पाहुणे बसलेले, मी केक कापतोय, आणि शेजारचे अप्पा माझ्या बायकोदेखत विचारतात, "गजानन, तू मेल्यावर तुझं मोबाईलवरचं खातं कोण बघणार?"

हे आमचे परतूरचे अप्पा. रिटायर तलाठी. जन्मभर मयतांच्या जमिनीला वारस लावले, ती खोड आता लोकांच्या सोशल मीडियावर उतरलीय. फोटो टाकायच्या खात्यालाही वारस नेमून ठेवता येतो, हे त्यांना कुठून तरी कळलं आणि गल्लीचं सुख संपलं. स्वतः आखलेला फॉर्म घेऊन माणूस दारोदार हिंडतो. खातेदार, वारस, नातं, दोन पंचांच्या सह्या. त्यात चतुःसीमेचासुद्धा रकाना! मी विचारलं, "अप्पा, खात्याच्या पूर्वेला काय लिहू?"

"चेष्टा करून राह्यला? लिव्ह, निरंक."

परवा तर हद्दच झाली. बाजारातल्या एका भुसार दुकानदाराच्या दहाव्याला गेल्तो. सगळे गप्प, कावळा कधी शिवतो ते बघतायत. तेवढ्यात अप्पा त्याच्या थोरल्या मुलावर कडाडले, "वडलांचं खातं चालूच ठेवलं का? काल वाढदिवस व्हता त्यांचा. निम्म्या परतूरनं 'शतायुषी व्हा' लिव्हलंय! लाज न्हाई बिलकुल!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण लिहिणाऱ्यांत मीही होतो. सवयीनं बोट चालतं हो, काय करणार! पण पोरगं तिथंच रडायला लागलं, ते मला सहन झालं न्हाई.

तिथून तडक अप्पांच्या घरी गेलो. ते माझ्या आधीच परतून स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. त्यांच्या पत्नी, आमच्या माई, गेल्या दिवाळीत गेल्या. मी सरळ तोंड सोडलं, "लोकांच्या मरणात कशाला नाक खुपसता? माईंच्या खात्याचं काय केलं, ते सांगा आधी!"

"केलं ना," अप्पा म्हणाले. "मीच केलं."

मग हळूहळू सांगितलं. आजारपणात माई स्वयंपाकाचे व्हिडिओ करून खात्यावर ठेवायच्या, फक्त त्यांनाच दिसतील असे. लोकांपुढं बोलायला लाजायच्या. त्या गेल्यावर त्यांचाच मोबाईल समोर ठेवून अप्पा रोज रांधायचे.

"मंग वाटलं, मयताच्या नावावर खातं ठेवणं बराबर न्हाई. जमिनीला करतो तसं केलं. मृत्यूचा दाखला पाठवला कंपनीला. म्हटलं, माझं नाव चढवतील. त्यांनी कायमचं बंद करून टाकलं रे. आता काहीच उघडत न्हाई. वारस तिनं जिवंतपणी नेमायला पाहिजे व्हता म्हणे. चाळीस वर्षं नोकरी केली मी, आणि माझ्याच घरात ही चूक केली!"

माझा राग कुठल्या कुठं गेला. काही तरी बोलायचं म्हणून बोललो, "अप्पा, भाज्यांचं काय एवढं? आमची ही शिकवेल की तुम्हाला."

अप्पा एकदम उसळले. "भाज्या येतात मला! सगळे व्हिडिओ पाठ हायेत."

त्यांनी विळी बाजूला सारली.

"दर व्हिडिओच्या शेवटी ती विचारायची, 'अहो, समजलं का?' मी रोज 'हो' म्हणत व्हतो."