बोटीची बॅटरी चार्ज घेत नाही, सबब

या मायबाप, सरका थोडे पुढे. मागच्यांनी भिंत सोडा, ती काही पडत नाही. बुवांचा मृदंग सुरात येईस्तोवर एक कथा सांगतो. देवाची नाही, पण देवाला साक्ष ठेवून सांगण्याजोगी आहे. एका जुन्या बोटीची, तिच्या बॅटरीची आणि त्या बॅटरीच्या चार्जची. हसू आलं तर हसा, पण आरतीआधी उठू नका.

पूर्णेच्या काठी कुंभारडोह नावाचं गाव आहे. अलीकडे गाव आणि दवाखाना, पलीकडे माळ्यांच्या वाड्या. चाळीस घरं, वांगी, मेथी, शेवंती, झेंडू. मधे रपटा. रपटा म्हणजे नदी आटली की पूल आणि नदी भरली की नदी. म्हणून अठरा वर्षांपूर्वी शासनाने कुंभारडोहला एक शोध व बचाव बोट दिली. ती चालवायचं काम पलीकडच्या नत्थुजींकडे आलं, कारण बोट आली त्या दिवशी ते एकटेच काठावर उभे होते.

बोटीचं एकच दुखणं होतं. इंजिन सुरू करायला, दिवा लावायला, भोंगा वाजवायला आणि तळाशी शिरलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप चालवायला अशा चार कामांना एकच बॅटरी. पंप लावला की इंजिन बसे. इंजिनासाठी पंप बंद ठेवला की पाणी चढे. मधल्या प्रवाहात माणसाने बुडण्याची पद्धत तेवढी निवडायची.

यंदा नत्थुजींना घाई होती. त्यांची सून रागिणी बाळंतपणाला टेकली होती. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली होती श्रावणातली, आणि श्रावणात रपटा कोणी पाहिलेला नाही. नत्थुजींनी अकोल्याच्या जठारपेठेतून वर्षालीला बोलावलं. ही मुलगी ट्रॅक्टरच्या आणि ई-रिक्षांच्या बॅटऱ्यांचं दुकान चालवते. ती आली, बोटीत वाकली, वायरीला गुंडाळलेल्या पट्ट्यांचे चार थर सोलले. सर्वात आतली पट्टी जखमेला लावायची निघाली.

"काकाजी, हे बॅटरी चार्जच घेऊन नाही राहिली," ती म्हणाली. "इंजिन देते, पण वायर इतकी बारीक हाय का करंट अर्ध्या वाटेतच बसून जाते."

मग तिने कॅलेंडरच्या पाठीवर सगळं नव्याने काढलं. दोन बॅटऱ्या. एक फक्त इंजिनाची, तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. दुसरी दिवा, भोंगा आणि पंपाची. इंजिन चालताना दोघींना चार्ज मिळेल, पण एकीचं दुसरीने ओढू नये म्हणून मधे स्विच. तांब्याची जाड वायर, प्रत्येक फाट्याला फ्यूज. आणि बोट दहा महिने नुसती उभी असते, तेव्हासाठी टपावर सोलरचं पॅनल. काम एका दुपारचं. पण बोट शासनाची. तिचा स्क्रू फिरवायचा तरी परवानगी लागते.

नत्थुजींनी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला: "बोटीची बॅटरी चार्ज घेत नाही. सबब, योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती."

तालुक्याच्या कार्यालयात हा अर्ज आस्थापना शाखेत खुशालरावांसमोर आला. खुशालराव सज्जन माणूस. गळ्यात माळ, एकादशी कडक. पण सव्वीस वर्षं बदल्या, बढत्या आणि चौकश्या यांतच गेली होती, आणि त्या सव्वीस वर्षांत चार्ज या शब्दाला एकच अर्थ होता: जाणारा देतो, येणारा घेतो, दोघं सही करतात. त्यांनी नत्थुजींना बसवून घेतलं.

"किती दिवसांपासून घेऊन नाही राहिली?"

"दोन वर्सं झाले असतीन, साहेब."

खुशालरावांनी पेन खाली ठेवलं. चार्ज न सोडणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. दोन वर्षं न घेणारी पहिलीच.

"कोन हाय तिच्या मागं?"

"मागं इंजिन हाय, साहेब."

"सोभाव कसा?"

"गरम होते लवकर. पानी कमी पडलं का बसून जाते."

खुशालरावांनी हे सर्व शांतपणे लिहून घेतलं. आठव्या दिवशी नोटीस निघाली. श्रीमती बॅटरी, मुख्यालय बोट, यांनी चार्ज घेण्यास टाळाटाळ केली असून त्यांना इंजिन यांचा पाठिंबा असल्याचे समजते, तरी सात दिवसांत लेखी खुलासा करावा. शिपाई ती घेऊन आला. बॅटरीने सही न दिल्यामुळे दोन पंचांसमक्ष नोटीस तिच्यावर डकवण्यात आली. सात दिवसांत खुलासा आला नाही. बॅटरी निलंबित झाली.

नत्थुजी धावत गेले ते वरच्या विपुल साहेबांकडे. विपुल साहेब स्वतः विजेचं शिकलेले. ते फाइल वाचून इतके हसले की दार लावून घ्यावं लागलं. मग दार उघडलं आणि गंभीर झाले. चूक त्यांना कळली होती, असं ते म्हणाले. पण चूक दुरुस्त करायची तर आधी ती झाली असं लिहावं लागेल, आणि ते लिहिलं तर ती कोणाची हे लिहावं लागेल. त्यापेक्षा चौकशी पूर्ण होऊ देणं सर्वांच्या हिताचं.

"साहेब, सून माही दिवसात हाय," नत्थुजी म्हणाले. "नदीले थांब म्हनता येत नाही."

साहेबांनी सहानुभूती व्यक्त केली आणि नियम समजावून सांगितले. निलंबित बॅटरीला परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही, म्हणजे ती बोटीतून काढायची नाही. निलंबनकाळात निर्वाहभत्ता निम्मा, सबब बारा व्होल्टऐवजी सहा व्होल्ट देण्याचे आदेश इंजिनाला स्वतंत्रपणे निघत आहेत. बचावकार्य खोळंबू नये म्हणून बोटीचा अतिरिक्त चार्ज समकक्ष बॅटरीकडे सोपवला आहे. समकक्ष म्हणजे बारा व्होल्टची. अशी एकच सापडली, साहेबांच्याच खोलीतल्या इन्व्हर्टरची. तिने त्याच दिवशी चार्ज घेतला, जागेवरून न हलता.

नत्थुजींनी पुढे केलेल्या वर्षालीच्या नकाशालाही सविस्तर उत्तर मिळालं. एका बॅटरीच्या जागी दोन म्हणजे नवीन पदनिर्मिती, आणि ती बंद आहे. मधला स्विच म्हणजे दोन पदांत भांडण लावण्याचा प्रकार. सोलर पॅनलला तत्त्वतः हरकत नाही, मात्र चार्ज देणाऱ्याची सही आवश्यक. सूर्यनारायण रोज वेळेवर येतात हे कार्यालयाला मान्य होतं, पण त्यांचं नाव हजेरीपटावर नव्हतं.

श्रावणाला बारा दिवस उरले असताना मेळघाटात पाऊस झाला. सकाळी दहाला रपटा बुडाला आणि साडेदहाला रागिणीला कळा सुरू झाल्या. बोट पलीकडच्या काठाला बांधलेली होती. वर्षाली पहाटेपासून तिथेच होती. पाणी चढणार हे आदल्या दिवशीच दिसत होतं, तेव्हा नत्थुजींनी तिला फोन केला होता आणि रपटा उघडा होता तोवर ती सामान घेऊन पलीकडे पोचली होती. परवानगीचं काय, असं तिने विचारलंच नाही. नत्थुजींच्या बायकोने, जमुनाबाईंनी, स्वतःच्या ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणली. दुसरी शेजारच्या ट्रॅक्टरची आली.

निलंबित बॅटरीला वर्षालीने बोटसुद्धा लावलं नाही. ती नोटिशीसकट जागेवर राहिली. शेजारी दोन नव्या बसल्या, जाड वायर फिरली, स्विच बसला. सोलर राहू द्या म्हणाली, आज सूर्यच नाही. रागिणीला बाजेसकट बोटीत घेतलं. जमुनाबाई डोक्याशी बसल्या, वर्षाली पंपाशी.

अलीकडच्या काठावर सगळं गाव जमलं होतं. छत्र्या होत्या, मोबाइल होते. मधल्या धारेत एक ओंडका आला, बोट हिंदकळली, इंजिन बंद पडलं. तळाला घोटाभर पाणी, आणि पंप चालूच.

"पोरी, पंप बंद कर," नत्थुजी ओरडले. अठरा वर्षांची सवय.

"राहू द्या त्याले. त्याची येगळी हाय. तुमी चाबी फिरवा."

नत्थुजींनी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. पंप तिकडे पाणी फेकतच होता. रागिणी वेळेत दवाखान्यात पोचली आणि दुपारी दोनला तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

इथे देवाची कथा संपली असती. ही कार्यालयाची आहे.

बचावकार्य झालं, असा अहवाल गेला. वरून विचारणा झाली, त्या वेळी बोटीचा चार्ज कोणाकडे होता? कागद स्पष्ट होते. पंधरा दिवसांनी विपुल साहेबांच्या खोलीत इन्व्हर्टरच्या बॅटरीचा सत्कार झाला. शाल घातली. खुशालरावांनी मनापासून, डोळे भरून भाषण केलं, की दोन ठिकाणचा भार सांभाळूनही हिने कधी रजा मागितली नाही. हार झेंडूचा होता, नत्थुजींच्याच वाडीतला. फोटो गावाच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली दोनशे अकरा जोडलेले हात आले. नावं मी वाचलीत, वाचून दाखवत नाही.

मग प्रश्न उरला त्या दोन बॅटऱ्यांचा. निलंबनकाळात बोटीत अनधिकृत व्यक्तीने अनधिकृत बॅटऱ्यांना चार्ज दिला, असा ठपका वर्षालीवर आला. तिचा वायरिंगचा परवाना का रद्द करू नये, अशी नोटीस दुकानावर डकवली. चौकशीत तिने सांगितलं, जीव वाचवायला केलं. साक्षीदार कोण, असं विचारण्यात आलं. नत्थुजी चालले नाहीत, ते हितसंबंधी. रागिणी लाभार्थी, तिची साक्ष धरत नाहीत. जमुनाबाईंची स्वतःची बॅटरी, म्हणजे त्या सहआरोपी. काठावरच्या लोकांना विचारलं, तर पाऊस फार होता, नीट दिसलं नाही, असा जबाब सर्वांनी एकाच शब्दांत दिला.

हसलात ना मघाशी? मीही हसलो होतो. मृदंग लागलाय, बुवा उभे राहतायत, मी आटोपतो. येत्या सोमवारी अकरा वाजता शेवटची सुनावणी आहे. पांडुरंगासमोर डोळे मिटाल तेव्हा त्या जठारपेठेच्या पोरीला जरा आठवा. तिने कोणत्या रंगाचा रेनकोट घातला होता, तेवढं आठवलं तरी पुरे. आठवेलच. तुमच्या मोबाइलमध्ये आहे.