हातावरचा नंबर

मनकर्णाबाईंना एटीएमचा नंबर काही केल्या लक्षात राहत नसे. कागदावर लिहिला तर कागद चुलीत जाई, भिंतीवर लिहिला तर सणाला भिंत सारवली जाई. शेवटी जत्रेत त्यांनी डाव्या हातावर, नवऱ्याच्या नावाखाली, ते चार आकडे गोंदवून घेतले. लग्नानंतर गोंदलेलं ‘बबनराव’ चाळीस वर्षांत पुसलं नव्हतं. मग नंबर तरी कसा पुसला जाणार?

केनवडच्या बाजारात बांगड्या भरताना लिलाबाई कासारणीनं त्यांचा हात धरला आणि ती थबकली.

“हे काय नवीन गोंदलं वं?”

“एटीएमचा नंबर हाये,” आजूबाजूच्या बायांना ऐकू जाईल अशा बेतानं मनकर्णाबाई म्हणाल्या. “आता पाठ कराची कटकट नाई.”

घरी येऊन त्यांनी कंबरेची पिशवी उलटी केली. पान निघालं, सुपारी निघाली, चुन्याची डबी निघाली. कार्ड निघालं नाही.

“कार्ड हरपलं, न् नंबर साऱ्या बाजारानं वाचला,” ओसरीवरून बबनराव म्हणाले. “आता चोराले चहालेच बोलाव.”

नात निकिता मात्र पांढरीफटक पडली. त्या खात्यात तिच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे होते आणि भरायची शेवटची तारीख सोमवार होती. तिनं पासबुक काढलं, त्यावर छापलेला बँकेचा नंबर आजीच्या फोनवरून लावला आणि फोन स्पीकरवर टाकून आजीसमोर ठेवला.

“जन्मतारीख सांगा, आजी,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“खरी का आधारवरची?”

“आधारवरची.”

“एक जानेवारी.”

“बरोबर. खात्याला वारस म्हणून कोणाचं नाव आहे?”

मनकर्णाबाईंनी ओसरीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “निकिताचे आबा.”

“त्यांचं नाव सांगा.”

“सांगतलं नं, पोरी. तिचे आबा.”

“मीच सांगतो,” बबनराव पुढे सरकले.

“काका, तुम्ही नाही. खातेदारांनीच सांगायचं.”

बबनरावांनी कपाळाला हात लावला. “नंबर गावाले वाचून दाखवला, न् माह्यं नाव घ्याले जीभ उचलून नाई राह्यली.”

“आजी, घे नं नाव,” निकिता काकुळतीला आली. “तिकडं कोनी पैसे काढून राह्यलं असन.”

मनकर्णाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, फोनसमोर मांडी घातली आणि खाकरल्या.

“तुरीले लागल्या शेंगा दाट, बबनरावाचं नाव घेतो, अडवा चोराची वाट.”

पलीकडून दाबलेलं हसू ऐकू आलं. “कार्ड बंद केलं, आजी. खात्यातून आज काहीच गेलेलं नाही.”

निकिता भिंतीला टेकून होती तिथंच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लिलाबाई दारात हजर. कार्ड तिच्या बांगड्यांच्या पेटीत पडलं होतं. “घे माय तुह्यं. रातभर झोप नाई मले. कार्ड माह्यापाशी, नंबर मले पाठ. काही कमी-जास्त झालं असतं तं साऱ्यांनी मलेच धरलं असतं.”

निकिताची फी सोमवारच्या आधीच भरली गेली. नवीन कार्ड आलं, नवीन नंबर ठरला. हातावरचे आकडे आता कशाचेच नव्हते. निकितानं आजीला समोर बसवलं.

“हा नंबर आबाच्या नावासारखा समज. मनात ठेवाचा, तोंडातून काढाचा नाई. बँकवाला म्हनून कोनी इचारलं, तरी नाई.”

“मंग असं सांगाव नं पयलेच,” मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या दळण निवडताना नंबर मनातल्या मनात घोकू लागल्या.

पंधरा दिवसांनी फोन वाजला.

“मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड बंद पडणार आहे. पिन सांगा.”

“आमच्यात तो तोंडानं घेत नाईत, बापू.”

“घ्यावाच लागेल, मॅडम.”

मनकर्णाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. “लयच आग्रह असन तं उखाण्यात घेतो.”

निकिता पिठाच्या हातानं धावत बाहेर आली.

“तुरीले लागल्या शेंगा दाट,” आजीनं सुरुवात केली. पलीकडचा कान टवकारून ऐकत असावा. “बबनरावाचं नाव घेतो, धर तू आपली वाट.”

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

“चाळीस वर्षांत दोनदा नाव घेतलं,” ओसरीवरून बबनराव म्हणाले, “न् दोनी खेपा बँकेपायी.”