कुंडात टाचण्या आहेत

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोसायटीतले कमळाचे कुंड उपसण्यात आले. पाणी गटारात गेले. पाण्यात जे होते, तेही बरेचसे गेले.

माझा संताप अजून उतरलेला नाही, म्हणून क्रमाने सांगतो.

सव्वीस वर्षे मी एका दैनिकात उपसंपादक आहे. माझे काम शब्द कापणे. दुसऱ्याला जे सांगायला चाळीस शब्द लागतात, ते मी दहांत सांगतो आणि त्याचा एकच अर्थ निघतो! हे मी कुठेही छातीठोकपणे सांगतो. म्हणजे शनिवारपर्यंत सांगत होतो.

माझी मुलगी स्वराली एमएस्सीला आहे. चार महिने ती रोज पहाटे कुंडाच्या काठावर उकिडवी बसून पिल्ले मोजते आहे. चतुराची आणि टाचणीची. चतुर आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो: हेलिकॉप्टरसारखा, बसला तरी पंख पसरलेले. टाचणी ही त्याची सडपातळ चुलत बहीण. बसली की पंख मिटून घेते. दोघांचे बालपण पाण्यात जाते आणि ते गुंडगिरीचे असते. खालचा ओठ हातासारखा फेकून डासाची अळी पकडायची, खायची, की पुढची! मग एके पहाटे देठावर चढायचे, पाठ उकलायची, कात तिथेच सोडून उडून जायचे. असे किती उडतात, यावर तिचा प्रबंध. एकेचाळीस पिल्ले याच आठवड्यात देठावर चढणार होती.

अडचण एकच होती: सेक्रेटरी अवधूत गोळे. नर चतुर एक काडी निवडतो, येईल त्याला हुसकावतो आणि पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतो. गोळ्यांची काडी म्हणजे गेटजवळची प्लास्टिकची खुर्ची.

"कुंड म्हणजे डास, डास म्हणजे डेंग्यू," ते महिनाभर म्हणत होते. "उपसून टाकायचं!"

"अहो, त्यातली पिल्लंच डास संपवतात!"

"असं? मग काल मला चावला तो कोणाच्या पानातून उठून आला?"

शनिवारी स्वराली नमुने आणायला मुळशीला निघाली. जाताना तिने माझ्या हातात कागद दिला. "बाबा, हे फलकावर लावा. आणि प्लीज, एडिट करू नका."

कागदावर होते: 'या कुंडात चतुर व टाचणी या कीटकांची पिल्ले वाढत आहेत. ती डासांच्या अळ्या खातात आणि माणसाला निरुपद्रवी आहेत. कृपया पाण्यात हात घालू नये व कुंड उपसू नये.'

वाचून माझा हात शिवशिवला. 'कीटक' म्हटले की लोक घाबरतात, कापले. 'पिल्ले' म्हटले की गर्दी होते, कापले. डासांचे नाव काढले की गोळ्यांना विषय मिळतो, कापले. 'चतुर' हा शब्द गोळे स्वतःला लावून घेतील, तोही चांगल्या अर्थाने, कापला. हात घालायचा नाही म्हटल्यावर उपसणार कसे? तेही कापले. उरले ते असे:

'सावधान! कुंडात टाचण्या आहेत. पाण्यात हात घालू नये. – हुकमावरून'

सुबक! फलकावर लावले, फोन बंद केला आणि रात्रपाळीला गेलो.

पुढचे मला रविवारी कळले, ग्रुपवरचे एकशे सत्त्याऐंशी संदेश वाचून. शनिवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी बी विंगमधल्या दीपालीने लिहिले होते, 'टाचण्या कोणी टाकल्या? आमची मुक्ता काल ते पाणी प्यायली!!' मुक्ता चार वर्षांची. पाच वाजता तिचा एक्स-रे निघाला. लोकांनी गोळ्यांना विचारले, सूचना तुम्ही लावली का? आपल्याला न विचारता फलकावर कागद लागू शकतो, हे कबूल करणे गोळ्यांच्या जिवावर आले. त्यांनी लिहिले, 'होय. मीच.'

आणि मग त्यांनी तपास सुरू केला!

"साहेबांनी लोहचुंबक सुतळीला बांधून सोडलं," बाग झाडणाऱ्या वेणूबाईंनी मला सांगितले. "धा जण वाकून बघत हुते, मासा गावल्यागत. आन् गावली की वो! गंजकी हेअरपिन! माझीच हाय ती, पण बोलू कोण देतंय?"

गोळ्यांचा संदेश: 'पुरावा सापडला आहे. हा घातपात आहे. उद्या सकाळी सातला कुंड उपसण्यात येईल.'

रविवारी सकाळी बायकोने, हेमाने, मला हलवून उठवले. "अहो, कुंडात टाचण्या आहेत म्हणून उपसताहेत!"

"आहेतच!" मी झोपेत म्हणालो.

"काय?"

सात बावीसला मी कुंडावर होतो. पायात हेमाची चप्पल. तीही एकच.

"कोणी उपसलं हे?" मी ओरडलो.

"मी!" गोळे म्हणाले. "सोसायटीचे प्राण वाचवले."

"अहो, टाचणी म्हणजे कीटक!"

"टाचणी म्हणजे टाचणी. तीस वर्षं ऑफिसात कागदांना लावल्या, एकही उडाली नाही!"

"गाळात हलतंय ते काय आहे मग? सूचना नीट वाचायची होती!"

"वाचायची कशाला? मीच लिहिली आहे."

खरे सांगतो, त्या क्षणी मी ते खोडून काढले नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मजकुराचे श्रेय कोणीतरी लाटत होते आणि मला ते हवेसे वाटत होते!

तेवढ्यात गेटशी रिक्षा थांबली. कोणीतरी स्वरालीला फोन केला होता. ती कुंडाकडे न येता आधी फलकाकडे गेली. कागद वाचला. दोनदा.

"'सावधान'पुढचं उद्गारचिन्ह तुमचं आहे, बाबा," ती म्हणाली.

मग बॅग टाकून ती गाळात उतरली. वेणूबाईंनी साडी खोचली, बादली घेतली. हेमाने चहाची गाळणी आणली. मी उतरायला गेलो, तर स्वरालीने मान न वळवता हात आडवा केला.

गोळे वरून विचारत होते, "सापडल्या का टाचण्या?"

सोमवार सकाळपर्यंतची माहिती अशी. मुक्ताच्या पोटात टाचणी नाही; एक पितळी बटण आहे, जे गिळल्याचे घरात कोणालाच माहीत नव्हते. त्यामुळे दीपालीने ग्रुपवर गोळ्यांचे जाहीर आभार मानले आहेत. एकेचाळीसपैकी तेवीस पिल्ले आमच्या न्हाणीघरात बादलीत आहेत. कुंड पुन्हा भरायचे की नाही, हे गुरुवारच्या सभेत ठरेल. सभेची सूचना कोण लिहिणार, यावर घरात चर्चा झाली. मी सोडून.

आज सकाळी सहा चाळीसला बादलीतल्या काडीवर एक रिकामी कात दिसली आणि खिडकीच्या गजावर ओले पंख वाळवत कोणीतरी बसले होते. मी दारातून विचारले, "चतुर की टाचणी?"

स्वरालीने वहीत एकच शब्द लिहिला आणि वही मिटून घेतली.